टेडिंग्टनचे पाद्रीबाबा

प्रिय मधू,
सप्रेम नमस्कार.

तू इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोयस, म्हणून हे चित्र आधी तुलाच दाखवावंसं वाटलं. हे स्टीफन हेल्स. लंडनजवळच्या टेडिंग्टनला १७०९ पासून १७६१ मध्ये वारेपर्यंत पाद्री होते. थॉमस हडसनच्या तैलचित्रावरून जेम्स मॅकार्डेलने तांब्याच्या पत्र्यावर केलेलं हे मेझोटिंट.

चेहरा मोठा करून बघ. त्याला रेघांची बाह्यरेषा नाही. या पद्धतीत आधी दातेरी पात्याचं हत्यार डोलवत डोलवत अख्खा पत्रा उभा, आडवा, तिरका टोचून काढतात. तसाच शाई भरून छापला, तर कागद काळाकुट्ट उठतो. मग जिथे उजेड हवा, तिथे तो खरखरीतपणा तासायचा, घोटायचा. म्हणजे पाद्र्याचा काळा झगा जवळजवळ आयता मिळतो. खरा कस लागतो तो कपाळ आणि गाल उजळताना. कितीदा पाहिलं तरी त्या कपाळावरून माझी नजर हलत नाही.

याच माणसाने १७२४ च्या उन्हाळ्यात साडेतीन फुटी सूर्यफुलाच्या कुंडीचं तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केलं आणि ती रोज सकाळ-संध्याकाळ तोलली. दिवसाच्या बारा तासांत सरासरी वीस औंस, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम पाणी पानांवाटे उडून जात होतं. बाष्पोच्छ्वास शिकवताना तू यांचं नाव घेतोस ना? घेत नसशील तर घे रे.

घोडीचा प्रयोग मात्र मला वाचवत नाही. जिवंत घोडीला बांधून, मांडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त किती चढतं ते मोजलं: आठ फूट तीन इंच. रक्तदाबाचं ते पहिलं मोजमाप, हे मान्य. पण शेजारच्या गावात राहणाऱ्या पोप या कवीला यांचे प्राण्यांवरचे प्रयोग सहन होत नसत, आणि मी त्याच्याच बाजूचा. तुरुंगांत आणि जहाजांच्या तळाशी कोंडलेल्या माणसांना ताजी हवा मिळावी म्हणून यांनी मोठाले भाते बनवले, तेच मला त्यांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

सूर्यफुलाचा प्रयोग या उन्हाळ्यात मुलांकडून करून घेच. शिशाऐवजी जाड प्लास्टिक चालेल, फक्त देठाभोवती फट राहू देऊ नकोस. वजनं लिहून मला पाठव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप