रोपवाटिकेत धायटी का नसावी?

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जून तोंडावर आला की वृक्षलागवडीच्या बातम्या छापून येऊ लागतात आणि त्यांत वड, पिंपळ, कडुनिंब यांची नावे असतात, हे योग्यच आहे. पण घरामागच्या चार-सहा हातांच्या सांदवाडीत वड लावता येत नाही. तेथे झुडूपच हवे, आणि झुडूप मागायला गेले की बोगनवेल, ड्युरांटा, पिवळी कण्हेर अशी सातासमुद्रापलीकडून आलेली झाडेच समोर येतात. गेल्या पावसाळ्यात एका रोपवाटिकेत मी धायटी या लाल फुलांच्या देशी झुडपाचे रोप मागितले, तेव्हा 'ते जंगलातले झाड, विकत कोण घेणार?' असे उत्तर मिळाले.

मी घेतले असते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि श्रावणात तीच माती पाणी धरून बसते. या दोन्ही गोष्टी सोसणारे झाड बाहेरून आणण्याची गरज नाही, ते आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आणि टेकडीवर उभेच असते. अर्थात माझीही चूक झाली होती. पहिली धायटी मी थेट काळ्या मातीत लावली आणि ती पहिल्याच पावसाळ्यात कुजली. टेकडीवर ती मुरमाड उतारावर वाढते, हे रोज पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. पुढच्या वर्षी मुरूम व दगडगोटे टाकून हातभर उंच वरंबा केला आणि त्यावर लावलेले रोप जगले. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा पाणी दिले, नंतर तेही लागले नाही. आता पळस फुलतो त्या सुमारास तिच्या फांद्या लालभडक होतात आणि सकाळपासून शिंजीर पक्ष्यांची व मधमाश्यांची ये-जा सुरू होते. आसवे-अरिष्टे ही आयुर्वेदिक औषधे आंबवण्यासाठी वैद्य वापरतात ती फुले हीच, हे शेजाऱ्यांना सांगितल्यावर 'जंगली' झाडाबद्दलचा त्यांचा सूर जरा बदलला.

निवड विचारपूर्वक केली तर अंगणात वर्षातील बहुतेक महिने फूल राहते. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढरा कुडा, पावसाळ्यात मुरुडशेंग, त्यानंतर तरवड व कोरांटी आणि थंडी सरताना अडुळसा, असा क्रम माझ्याकडे साधारण जमला आहे. अडुळसा आणि निर्गुडी यांना शेळ्या तोंड लावत नाहीत, त्यामुळे गावातल्या कुंपणाला यांच्याइतकी सोयीची झाडे नाहीत. दोन्ही फांदीच्या तुकड्यांवरून सहज लागतात. तरवड शेजारच्या तेलंगणाचे राज्यफूल आहे, आणि आपल्याकडे ते रस्त्याच्या कडेला धूळ खात असते.

एक सावधगिरी मात्र हवी. फुलपाखरे येतात म्हणून काही जण घाणेरी, म्हणजे आमच्याकडची रायमुनिया, हौसेने लावतात. ती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. पक्षी तिची फळे खाऊन बी दूरवर टाकतात आणि जंगलातला चराईचा गवताळ पट्टा ती गिळून टाकते. तसेच देशी झुडूप हवे म्हणून जंगलातून रोप उपटून आणू नये. मुळे तुटल्याने ते बहुधा जगत नाही आणि तिथलीही जागा रिकामी होते. बी मात्र धुऱ्यावरून गोळा करता येते.

म्हणून विनंती अशी की, सामाजिक वनीकरणाच्या आणि ग्रामपंचायतींच्या रोपवाटिकांनी दरवर्षी उंच झाडांबरोबर या झुडपांचीही काही रोपे तयार करावीत आणि ती जूनमध्ये गावकऱ्यांना मिळावीत. त्यासाठी वाळलेल्या शेंगांतील बी आदल्या हिवाळ्यातच गोळा करावे लागेल. तरवडाचे बी कठीण कवचाचे असल्याने पेरण्यापूर्वी ते गरम पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. तसे न करता पेरलेल्या माझ्या वाफ्यात पहिल्या वर्षी दोनच रोपे उगवली होती.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ