पाठीवरचं सहा लिटर पाणी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला वाळवंटातल्या पायी भटकंतीवरचा लेख वाचला. छान आहे, पण पाण्याच्या ओझ्याबद्दल त्यात एक अक्षर नाही, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत ४,२६५ किलोमीटर जाते; पहिले सुमारे १,१०० वाळवंटी. एकोणसाठाव्या वर्षी भाच्याबरोबर मी त्यातले चारच दिवस चालले. कॅम्पो गावाजवळ सीमेच्या कुंपणापासून निघालो. पुढचं भरवशाचं पाणी थेट लेक मोरेनाला, ३२ किलोमीटरवर. सहा लिटर म्हणजे पाठीवर सहा किलो, बाकी सामान वेगळंच! वाटेतला ओढा नकाशात निळा, प्रत्यक्षात खडखडीत. वाळूच्या टेकड्या म्हणाल तर दिसल्याच नाहीत. सगळी काटेरी झुडपं आणि खडी. पहाटे साडेचारला निघायचं, अकराला खडकाच्या सावलीत आडवं व्हायचं, चारनंतर पुन्हा पाय उचलायचे. रात्री हुडहुडी.

दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी ढोसून माझं डोकं गरगरलं. घामाबरोबर मीठही जातं, हे मी वर्गात मुलांना शिकवलेलं! मीठ-साखरेच्या पाण्याने तरले. भाच्याची खाण्याची महागडी पाकिटं तशीच राहिली, थेपले मात्र संपले (वडोदऱ्यात जन्म काढल्यावर दुसरं काय होणार).

दिवाळीनंतर इथली मुलं कच्छच्या रणाकडे निघतात. तिथे तर जमीनच मिठाची. लेखात बुटांचे भाव दिलेत. पुढच्या वेळी माणशी किती लिटर, तेही छापा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा