सत्ता फक्त निवडणुकीत नसते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

राजकारणावर तुमच्याकडे रोज पानंच्या पानं असतात, पण कोण जिंकलं, कोण फुटलं, कुणाला कुठलं खातं मिळालं यापुढे गाडी जातच नाही. मानवशास्त्राचे अभ्यासक सत्तेकडे कसं बघतात यावर मराठीत फारच कमी येतं म्हणून हे पत्र.

ही मंडळी महिनोन् महिने एका ठिकाणी मुक्काम ठोकून लोकांचे रोजचे व्यवहार बघतात. १९३० च्या दशकात इव्हान्स-प्रिचर्ड हे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ दक्षिण सुदानमधल्या नुएर लोकांत राहिले. तिथे राजा नव्हता, नुएरांचे स्वतःचे पोलीस नाहीत की कोर्ट नाही, तरी अनागोंदी नव्हती. खून झाला की खुनी बिबट्याचं कातडं पांघरणाऱ्या एका माणसाच्या घरी आसरा घ्यायचा, मग तो माणूस दोन्ही घराण्यांत बोलणी करून किती गुरं भरपाई द्यायची ते ठरवायचा, आणि हुकूम सोडायची ताकद त्याच्याकडे अजिबात नव्हती! अर्थात हा अभ्यास तेव्हाच्या तिथल्या ब्रिटिश प्रशासनाच्या सांगण्यावरून झाला होता, तेही विसरून चालणार नाही.

पुढे अभ्यासक सरकारी ऑफिसातच जाऊन बसायला लागले. अखिल गुप्ता यांनी उत्तर प्रदेशातला एक प्रसंग लिहिलाय, जमिनीच्या नोंदी ठेवणारा कर्मचारी घरातच ऑफिस थाटून बसलाय, भोवती माणसांचा घोळका, आणि गावातली दोन पोरं काम घेऊन आलीयत. किती द्यायचे, कसं बोलायचं, काहीच माहीत नाही, बिचाऱ्यांनी दहा रुपये पुढे केले आणि सगळ्यांसमोर त्यांचं हसं झालं. मला हा प्रसंग फार लागला, कारण त्या पोरांसाठी सरकार म्हणजे दिल्ली-लखनौ नव्हतंच, ती खोली आणि ते हसणारे लोक हेच सरकार होतं.

आणि तुमच्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे गुप्तांनी वर्तमानपत्रातल्या भ्रष्टाचाराच्या बातम्याही याच अभ्यासात घेतल्या. सरकार कसं असतं हे लोकांच्या डोक्यात जेवढं ऑफिसच्या दारात तयार होतं तेवढंच पेपर वाचूनही होतं, असं त्यांचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के पटतं.

म्हणून विनंती, एखाद्या वार्ताहराला दोन-तीन महिने एकाच सरकारी ऑफिसात बसू द्या, एक फाइल कुठून कुठे जाते, कुणाच्या सहीसाठी अडते, ताटकळत बसलेली माणसं आपसात काय बोलतात, ते सविस्तर छापा. निवडणूक नसतानाही छापा.

आपला,
एक नियमित वाचक