वॉर्डातल्या बेसिनवर साबण हवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला पंचवटीत राहते. गेल्या पावसाळ्यात माझी ७४ वर्षांची आई न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन इथल्याच एका रुग्णालयात झालं, चांगलं झालं. आठ दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले, दिवसाला बारा-पंधरा वेळा. वॉकर धरून चार पावलं टाकायला लागलेली आई पुन्हा अंथरुणाला खिळली. रुग्णालयात फोन केला तर म्हणाले, "बाहेरचं काही खाल्लं असेल." मऊ भाताशिवाय तिच्या पोटात काही जात नव्हतं. मी दुकानातून जुलाब बंद व्हायच्या गोळ्या आणून दिल्या. या आजारात त्या स्वतःच्या मनाने देणं धोक्याचं असतं, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी शौचाची तपासणी करायला लावली तेव्हा नाव समजलं: क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसिल. अँटिबायोटिकमुळे आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, मग हा जंतू फोफावतो आणि त्याच्या विषाने आतडं सुजतं. वैद्यकशास्त्राला हे १९७८ पासून ठाऊक आहे. औषध बंद झाल्यावरही काही आठवडे धोका राहतो, वयस्कर माणसांना अधिक. व्हॅन्कोमायसिन या औषधाच्या इंजेक्शनची पूड पाण्यात विरघळवून आम्ही दिवसातून चारदा, दहा दिवस आईला पाजली. ती वाचली.

तो वॉर्ड मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. प्रत्येक खाटेला सॅनिटायझरची बाटली अडकवलेली. बेसिन पार टोकाला, तिथे साबण नाही. मावशी एका खाटेचं बेडपॅन उचलायच्या, हाताला सॅनिटायझर चोळायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. त्यांना शिकवलं तेच त्या करत होत्या. पण या जंतूचे बीजाणू, म्हणजे जाड कवचातली त्याची सुप्त रूपं, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने मरत नाहीत. हात साबण-पाण्यानेच धुवावे लागतात, खाटा आणि संडास क्लोरीनच्या द्रावणाने पुसावे लागतात. नाहीतर हे बीजाणू महिनोन्‌महिने तिथेच राहतात.

औषध दुकानदाराला २०१४ पासून एच-१ या, चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतल्या अँटिबायोटिकची नोंदवही ठेवावी लागते. खाटेवरच्या माणसाच्या शिरेतून जाणाऱ्या अँटिबायोटिकचा जाब तितक्याच काटेकोरपणे कोण विचारतं? अँटिबायोटिक सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी केसपेपरवर लिहावं: हे अजून का हवं? गरज संपली असेल तर बंद करावं. अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णाला दवाखान्यात जुलाब लागले, तर शौचाची ही तपासणी जिल्हा रुग्णालयात परवडेल अशी व्हावी. आणि साबण. त्याला किती पैसे लागतात, साहेब?

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आमच्या म्हसरूळला आहे. सिंहस्थासाठी शहरात कामं चालू आहेत. सुरुवात नाशिकपासूनच करा.

आईचे केसपेपर आणि तपासणीचा अहवाल मी जपून ठेवले आहेत. आपल्या कार्यालयातून निरोप आला तर घेऊन येईन.

आपली,
पंचवटीतील एक रहिवासी