खुफूच्या आधी स्नेफेरू

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला गिझाच्या पिरॅमिडवरचा लेख वाचला. छायाचित्रं उत्तम होती. पण इतकी अचूक वास्तू माणसाने एकदम उभी केली कशी, हे कोडं अजून सुटलेलं नाही, हा लेखाचा सूर पटला नाही. ती एकदम उभी राहिलेलीच नाही. गिझाचा हा पिरॅमिड बांधवणाऱ्या खुफूच्या वडिलांनी, स्नेफेरूने, त्याआधी तीन मोठे पिरॅमिड बांधले होते आणि त्यांत काय चुकलं, काय सुधारलं हे आजही दगडात वाचता येतं. त्या राजाचं साधं नावही लेखात नसावं याचं वाईट वाटलं. माझी सगळी नोकरी बांधकामावर गेली, म्हणून जास्तच.

स्नेफेरू चौथ्या राजवंशाचा पहिला राजा, इ.स.पू. २६००च्या आसपासचा. त्याच्या तीन पिरॅमिडांपैकी पहिला मेदुमचा. तिथे आधी पायऱ्यांचा पिरॅमिड झाला, मग त्या पायऱ्या बुजवून सरळ उतार करायचं ठरलं. हा बाहेरचा थर पुढे ढासळला. साइटवर वावरलेल्या माणसाला कारणं लगेच कळतील. नव्या थराचा पाया वाळूवर होता आणि आतल्या पायऱ्यांचे दर्शनी दगड आधीच घासून गुळगुळीत केलेले असल्यामुळे नवं काम त्यांना धरून राहत नव्हतं.

खरी गोष्ट दहशूरची. तिथला वाकडा पिरॅमिड सुमारे ५४ अंशांच्या उताराने चढतो आणि निम्म्या उंचीच्या जरा आधी अचानक ४३ अंशांवर येतो. जमीन भुसभुशीत, वजन अफाट. आतल्या दालनांना तडे गेले. ते तडे गिलाव्याने बुजवलेले आहेत. वरच्या दालनात भिंतीपासून भिंतीपर्यंत देवदाराच्या जाड तुळया ठोकून बसवल्या आहेत. (स्नेफेरूने ४० जहाजं भरून लाकूड आणवल्याची नोंद ‘पालेर्मो शिला’ या प्राचीन इजिप्ती राजांच्या नोंदींच्या शिलालेखात आहे.) उतार तसाच ठेवला असता तर शिखर १३० मीटरच्या पुढे गेलं असतं, ते १०५ मीटरवर थांबवलं. खालच्या भागातले दगड आतल्या बाजूला कलते आहेत, वरच्या भागात मात्र थर आडवे, सपाट लावलेत. म्हणजे काम चालू असतानाच कोणीतरी चूक ओळखली, राजाला सांगितली आणि राजाने ती ऐकली. एवढ्या मोठ्या कामाचा नकाशा मध्यावर बदलायला धैर्य लागतं, आणि मला या राजाबद्दल सर्वांत जास्त आदर याचसाठी वाटतो.

मग जवळच लाल पिरॅमिड. पहिल्या थरापासून ४३ अंश, थर आडवे, पाया २२० मीटर रुंद. तो आजही धडधाकट आहे. गवंड्यांनी दगडांवर घातलेल्या तारखांवरून त्याचं काम कसकसं चढत गेलं याचाही अंदाज येतो. तिन्ही मिळून दगड ३५ लाख घनमीटरच्या वर भरतो. खुफूचा एकटा पिरॅमिड सुमारे २६ लाखांचा.

हे ज्ञान घरातूनच पुढे गेलं. स्नेफेरूचा वजीर नेफरमाआत, त्याचा मुलगा हेमिउनू खुफूचा वजीर झाला आणि गिझाच्या कामाचं श्रेय त्यालाच दिलं जातं. आडवे थर गिझालाही कायम राहिले आणि पायासाठी खडक निवडला गेला, म्हणून तर उतार पुन्हा ५२ अंशांच्या जवळ नेता आला.

दोन विनंत्या आहेत. पुढच्या एखाद्या पुरवणीत या तिन्ही पिरॅमिडांचे आणि खुफूच्या पिरॅमिडाचे छेद एकाच मापात शेजारी शेजारी छापावेत. शाळकरी मुलांनाही क्रम समजेल. आणि पुण्या-मुंबईहून इजिप्तच्या सहली नेणाऱ्यांनी गिझानंतर दहशूरला अर्धा दिवस द्यावा. कैरोपासून ते जेमतेम ४० किलोमीटरवर आहे, गर्दी नसते आणि वाकडा पिरॅमिड २०१९पासून आतूनही पाहता येतो.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता, सांगली