सही आहे, शिक्का नाही

संपादक महोदय,

मी हर्णैची. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठातून मत्स्यसंवर्धनात एम.एस्सी. केली आणि पदवीनंतर मिळणाऱ्या २ वर्षांच्या व्हिसावर तिथेच सॅल्मन माशांच्या एका शेतीवर काम केलं. समुद्रात जाळ्यांचे मोठाले पिंजरे असतात. दर आठवड्याला त्यांतले थोडे मासे काढायचे, भूल द्यायची, अंगावरच्या समुद्री उवा मोजायच्या आणि आकडा सरकारला कळवायचा. माझी आत्या विचारते, "विलायतेत जाऊन उवाच काढत होतीस?" असो.

व्हिसा संपला, मार्चमध्ये घरी आले. कोळंबी-जिताड्याच्या प्रकल्पावर नाहीतर मासळी निर्यातीच्या कारखान्यात काम मिळेल, असा अंदाज होता. रत्नागिरीतली पहिली मुलाखत चांगली झाली. पदवीवरून अडवतील म्हणून मी तयारीत होते. एका वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सला मान्यता देणारा करार जुलै २०२२ मध्येच झालाय, त्याची प्रत फायलीत होती. ती कुणी मागितलीही नाही. गाडी अडली अनुभवाच्या पत्रावर. "शिक्का कुठाय?"

माझ्या त्या कंपनीत शिक्का नावाची वस्तूच नव्हती. पत्रावर लेटरहेड, मॅनेजरची सही, हुद्दा, फोन, ईमेल, सगळं आहे. म्हटलं, आत्ता मेल टाका, उद्यापर्यंत उत्तर येईल. "आमच्याकडे तशी पद्धत नाही." पुढच्या दोन ठिकाणीही तेच. एकाने तर "परत का आलात?" असं विचारलं, की जणू तिकडे काही भानगड करूनच आले.

माझे बाबा आयुष्यभर हर्णैच्या बंदरावर मासळी विकत आलेत. संध्याकाळी वाळूत टोपल्या लागतात, बोली तोंडी, व्यवहार तोंडी. त्यांना हे शिक्क्याचं प्रकरण दोनदा सांगावं लागलं.

नोकरी देणाऱ्यांना आणि जिल्ह्याच्या रोजगार कार्यालयाला माझी एवढीच विनंती आहे: परदेशातल्या अनुभवपत्राची खात्री ईमेलवरून करून घ्या आणि जाहिरातीत तसं छापा. खोटं निघालं तर खुशाल हाकला.

तिसऱ्या ठिकाणचा कारकून भला माणूस. मागोमाग व्हरांड्यात आला आणि हळूच म्हणाला, "ताई, दापोलीत शिक्के करून देतात, दीडशे रुपयांत. कंपनीचं नाव तेवढं कागदावर नीट लिहून न्या."

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)