मासे ‘पाणी मानवलं नाही’ म्हणून मरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की आपल्या सोलापुरात घरोघरी पोरांच्या हट्टापायी फिश टँक येतो, सकाळी टँक, दुपारी पाणी आणि संध्याकाळी लगेच त्यात पाच-सहा गोल्डफिश, मग आठवडाभरात एकेक मासा वर येऊन धापा टाकत मरतो आणि घरचे म्हणतात पाणी मानवलं नाही. अहो पाण्याला कशाला दोष, बहुतेक वेळा अमोनिया मारतो त्यांना!

मासा कल्ल्यातून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. जुन्या टँकमध्ये नायट्रोसोमोनाससारखे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग नायट्रोस्पायरा नावाचे दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते माशांना बरंच सोसतं. नव्या टँकमध्ये हे दोन्ही जवळपास नसतातच, जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

आता बॅक्टेरियाला खायला पाहिजे म्हणून काहीजण सुरुवातीलाच अमोनिया नाहीतर माशांचं खाणं भरपूर टाकतात, आणि घोळ इथंच होतो. थोडा अमोनिया हवाच, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी राहणार, पण लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅमच्या पुढे गेला की दुसऱ्या टप्प्याचे बॅक्टेरियाच दबतात, नायट्राइट साचून राहतं आणि महिना झाला तरी टँक काही तयार होत नाही. त्यात पीएच (पाणी किती अल्कधर्मी आहे ते सांगणारा आकडा) आणि उष्णता वाढली की अमोनियाचा विषारी भाग वाढतो, २५ अंशाला पीएच ७ चा ८ झाला तर जवळपास दहापट! आपला मे महिना आणि बोअरचं जड, बहुधा जास्त पीएचचं पाणी, म्हणजे इथं जास्तच जपायला पाहिजे.

दुसरं म्हणजे स्पंज. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळं पाणी आलं की लोक टँक पूर्ण रिकामा करतात, खडे घासतात, फिल्टरचा तपकिरी बुळबुळीत स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत चोळतात. ते बॅक्टेरिया पाण्यात कमी आणि त्या बुळबुळीतच जास्त राहतात हो, चोळून आणि नळाच्या क्लोरीननं सगळे जातात आणि दोन दिवसांत अमोनिया परत वर. स्पंज टँकमधल्याच काढलेल्या पाण्यात नुसता पिळायचा, पाणी एका वेळी पाव भागच बदलायचं आणि तेही बादलीत एक-दोन दिवस उघडं ठेवलेलं. अमोनिया वाढलाच तर एक-दोन दिवस खाणं बंद ठेवा, मासे उपाशी मरत नाहीत.

दुकानदारांना कळकळीची विनंती, टँक आणि मासे एकाच दिवशी विकू नका, गिऱ्हाईक कितीही घाई करू दे. आणि जमलं तर तुमच्या चालू टँकमधल्या, जिथले मासे धडधाकट आहेत अशा फिल्टरच्या स्पंजचा एक तुकडा त्याच पाण्यात पिशवीत घालून सोबत द्या, घरी जाऊन तो लगेच फिल्टरमध्ये टाकला की नवा टँक बराच लवकर तयार होतो.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर